वरसईच्या विष्णुभटांची वाट

पेण हे नाव आपल्या मंडळींना नवे नाही. भाद्रपदात आपल्या घरी व मंदिरांत गणपती बसतात, तेव्हा पेणच्या मूर्तिकारांची आठवण कोणीतरी काढतोच. मुंबईहून दक्षिणेस गोव्याच्या रस्त्याने निघाले, की दोन-तीन तासांत हे गाव लागते. पूर्वी हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. १९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले. याच पेण तालुक्यात वरसई नावाचे एक खेडे आहे. भातशेती, आंब्या-फणसाची झाडे, मागे सह्याद्रीची भिंत, असे कोकणातल्या शंभर गावांसारखेच हे गाव. तेथून १८५७ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडी एक तीस वर्षांचा गरीब भिक्षुक पायी निघाला, आणि मराठी भाषेला एक अपूर्व पुस्तक मिळाले. त्यांचे नाव विष्णुभट गोडसे. पुस्तकाचे नाव ‘माझा प्रवास’.

त्यांच्या चरित्राची आठवण आज काढण्याचे एक कारण आहे. फ्रान्सच्या दक्षिणेस सेव्हेन नावाचा डोंगराळ मुलूख आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा इंग्रजी लेखक १८७८ साली एक गाढवीण बरोबर घेऊन बारा दिवस त्या मुलुखातून चालला व पुढच्या वर्षी त्याने त्यावर पुस्तक लिहिले. आज त्या वाटेवर खुणा रंगवल्या आहेत, तिला क्रमांक आहे, मुक्कामाला घरे आहेत, हौशी लोकांना गाढवही भाड्याने मिळते. दरवर्षी पुष्कळ माणसे पाठीवर पिशवी टाकून त्या लेखकाच्या पावलांवर पाऊल ठेवीत चालतात. आपल्याकडे फ्रेंच वाचणारे घरोघरी आहेत, त्यामुळे ही हकीकत अनेकांच्या कानावर असेल. स्टीव्हन्सन चालला ते अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. आमचे विष्णुभट त्याच्या एकवीस वर्षे आधी निघाले, आणि वरसईहून झाशीपर्यंतच हजार किलोमीटरहून अधिक चालले. त्यापुढे काल्पी, चित्रकूट, काशी, आणि मग परत कोकण. स्टीव्हन्सन हौसेने चालला. विष्णुभट चालले ते डोक्यावर कर्ज होते म्हणून.

विष्णुभटांचा जन्म १८२७ चा. घराणे वैदिक भिक्षुकांचे. पेशवाई जाऊन नऊ वर्षे झाली होती. पेशव्यांच्या काळी पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा मिळे, यज्ञयाग होत, आणि कोकणातल्या भिक्षुकाचा संसार त्यावर कसाबसा चाले. तो आधार तुटला. शेती थोडी, खाणारी तोंडे अनेक, त्यातून लग्नकार्ये. कर्ज चढत गेले. अशा वेळी बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार आहेत व त्यात लाखो रुपये खर्च होणार आहेत. तेथे पोचले तर दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, वर गंगास्नान घडेल, असा विचार विष्णुभटांच्या मनात आला.

घरचे लोक सहजासहजी तयार होईनात. हिंदुस्थान म्हणजे त्यांच्या दृष्टीने दुसरे जग. तिकडे गेलेला मुलगा भांगेच्या नादी लागतो, परक्या रीतिभातीत रमतो आणि परत येत नाही, ही वडिलांना भीती. शेवटी काका रामभट वडीलधारे म्हणून बरोबर निघाले, तेव्हा परवानगी मिळाली.

ही भीती आपल्याला ओळखीची वाटत नाही काय? त्याच वर्षांत त्याच कोकणातून, रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून, आपले पणजे-खापरपणजे मुंबईच्या बंदरावर येत होते. कराराचा कागद, शिडाचे जहाज, आणि मग पोर्ट लुईचा तो घाट, ज्याला आज आपण आप्रवासी घाट म्हणतो. १८३४ पासून पुढे या बेटावर सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे उतरली, आणि त्यातली १८५८ व १८५९ ही तर मोठ्या गर्दीची वर्षे. कारण तेच, कर्ज आणि पोट. कोणी घाट चढून उत्तरेस गेला, कोणी मुंबईत नव्याने निघालेल्या कापडगिरणीत शिरला, कोणी जहाजात बसला. विष्णुभटांना लिहिता येत होते आणि ते परत आले, म्हणून त्यांची हकीकत आपल्यापाशी आहे. एरवी ते आपल्याच लोकांतले एक होते.

पेण भागातून घाटावर जाणाऱ्याला बोरघाट जवळचा. त्या वेळी तेथे आगगाडीचा मार्ग खोदण्याचे काम नुकतेच सुरू झाले होते. १८५६ मध्ये ते हाती घेतले आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. आज त्या घाटातून जुना रस्ता जातो, आगगाडी जाते आणि द्रुतगती मार्गही जातो. चालणाऱ्याने मात्र या गर्दीत न शिरता आडवाटेच्या गावांतून जावे हेच बरे. पुण्याहून पुढे उत्तरेची वाट. खानदेश ओलांडला, की सातपुडा, मग नर्मदा, मग माळवा. मुंबई-आग्रा हमरस्ता आजही याच मुलुखातून जातो. मालमोटारींची रीघ असते, पण रस्ता सोडून अर्धा कोस आत गेले की ज्वारी-कापसाची शेते, पारावर बसलेली म्हातारी माणसे आणि पाण्याचा तांब्या पुढे करणारी घरे अजून भेटतात.

महू आता जवळ आले होते. वाटेत एका चौकीपाशी काकापुतण्यांना पलटणीतले शिपाई भेटले. काडतुसांची चरबी, धर्म बुडवणारी सरकारची कलमे अशा अनेक ऐकीव गोष्टी त्या शिपायांनी सांगितल्या, आणि थोड्याच दिवसांत सगळ्या पलटणी उठणार आहेत हेही सांगून टाकले. विचार करा! दक्षिणेच्या आशेने निघालेले दोन भिक्षुक, आणि पुढे सबंध देश पेटणार आहे ही खबर त्यांना रस्त्यात मिळते. परत फिरावे की पुढे जावे? मरण यायचे तर ते घरीही येईल, असा विचार करून ते पुढे गेले. (महू गावाचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकरनगर झाले. बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये तेथल्याच छावणीत झाला. तेव्हा या वाटेने जाणाऱ्या मराठी माणसाने तेथे एक दिवस थांबावेच.)

पुढे बंड झाले. मथुरेचा यज्ञ राहिला तो राहिलाच. ज्याच्यासाठी घर सोडले ते कारणच नाहीसे झाले. उज्जैन, धार, ग्वाल्हेर अशी गावे करीत, मिळेल ती दक्षिणा गाठीस बांधीत दोघे झाशीस पोचले. विष्णुभटांच्या प्रवासाचे आणि पुस्तकाचेही हृदय म्हणजे झाशी.

झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यामुळे बुंदेलखंडातल्या त्या गावात मराठी घरे, मराठी सण, मराठी बोलणे. कोकणातला भिक्षुक तेथे परका वाटला नाही. राणी लक्ष्मीबाईंच्या दरबारात त्यांना आश्रय मिळाला, आणि दरबार जवळून पाहायला मिळाला. राणीसाहेबांवर पुढे शेकडो पुस्तके निघाली, नाटके झाली, पुतळे उभे राहिले. पण त्या काय खात-पीत, पहाटे उठून मल्लखांब कसा करीत, स्नानाला किती वेळ लावीत, पांढरे वस्त्र केव्हा नेसत आणि पुरुषी पोशाख केव्हा घालीत, हे शेजारच्या माणसाने पाहावे तसे पाहून मराठीत लिहून ठेवणारे विष्णुभटच. घोड्यांची पारख राणीसाहेबांना किती होती याची एक गोष्ट त्यांनी सांगितली आहे. एक सौदागर दोन सारखे दिसणारे घोडे घेऊन आला. राणीसाहेबांनी दोन्हींवर बसून पाहिले. एकाला मोठी किंमत दिली आणि दुसऱ्याला अगदी थोडी, कारण त्याच्या छातीत आतून दुखापत होती. सौदागराने ते कबूल केले. थंडीच्या दिवसांत गरीब लोक कुडकुडताना दिसले तेव्हा त्यांना कपडे व घोंगड्या वाटल्या, ही गोष्टही त्यांनी नोंदली. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत अशा गोष्टींना जागा नसते.

एक सांगितले पाहिजे. विष्णुभटांनी हे सारे पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिले, आणि काही गोष्टी ऐकून लिहिल्या. तारखा कोठे कोठे चुकल्या आहेत. इतिहासाचे अभ्यासक त्यांची हकीकत इतर कागदांशी ताडून घेतात. परंतु डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले यांतला फरक वाचकाला बहुधा कळतो, कारण पाहिलेल्या गोष्टींत भांडी, कपडे, वास, भूक हे सारे येते.

१८५८ च्या चैत्रात झाशीच्या वाड्यात हळदीकुंकू झाले, आणि त्याच सुमारास सर ह्यू रोजची फौज गावाबाहेर येऊन बसली. वेढा पडला. दिवसरात्र तोफा. रात्री आकाशातून येणारे तांबडे गोळे, कोसळणारी घरे, पाण्याची टंचाई. तात्या टोपे मदतीस आले, पण १ एप्रिलला बेतवा नदीपाशी त्यांचा मोड झाला. ३ एप्रिलला इंग्रज तटावरून आत शिरले. दुसऱ्या रात्री राणीसाहेब दत्तक मुलाला घेऊन घोड्यावरून निसटल्या.

गावात राहिलेल्यांचे काय झाले, हे विष्णुभटांनी लिहिले आहे आणि ते वाचवत नाही. कापाकापी, आगी, लूट. काकापुतणे घरात दडून राहिले. त्यांच्यापाशी जे थोडे साठले होते तेही शिपायांनी नेले. लूट दिवसामागून दिवस चालली. आधी सोने-रुपे, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापड, शेवटी धान्य. झाशीच्या दरबाराचा एक फार मोठा ग्रंथसंग्रह होता. दूरदूरचे विद्वान तेथे येत. त्या पोथ्यांचाही नाश झाला. स्वतःची सगळी कमाई गेलेल्या या गरीब माणसाने पोथ्यांसाठी केलेला शोक वाचताना आम्हाला नेहमी थांबावे लागते.

आज झाशीस जाणाऱ्याला किल्ला दिसतो, राणीमहाल दिसतो, तळ्याकाठचे महालक्ष्मीचे देऊळ दिसते. राणीसाहेबांचे लग्न १८४२ मध्ये जेथे लागले ते गणपतीचे मंदिरही आहे, आणि तेथे मराठी पद्धतीने पूजा होते. पण किल्ल्यावरून खाली शहराकडे पाहताना तोफांपेक्षा त्या दडून बसलेल्या घरांची आठवण ठेवावी. विष्णुभट तेथे होते.

झाशीहून काल्पी दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. सगळी वाट चालणे कोणाला जमले नाही, तरी हा तुकडा चालण्यासारखा आहे. सपाट मुलूख, हरभऱ्याची व गव्हाची शेते, आणि शेवटी यमुना. थंडीत जावे, उन्हाळ्यात बुंदेलखंडातले ऊन माणसाला उभे राहू देत नाही, आणि विष्णुभट तर उन्हाळ्यातच निघाले होते. लुटले गेलेले, भेदरलेले, अंगावरच्या वस्त्रानिशी.

याच वाटेवर त्यांच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण प्रसंग घडला. पहाटेची वेळ. ते एका विहिरीपाशी होते. घोड्यांच्या टापा वाजल्या आणि काही स्वार आले. पुरुषी वेषातल्या, धुळीने माखलेल्या, थकून गेलेल्या त्या स्वारांत राणीसाहेब होत्या. तहान लागली होती. विष्णुभटांनी ओळखले व पाणी काढून देण्यासाठी पुढे झाले. पण विद्वान ब्राह्मणाकडून असे काम करून घेणे बरे नव्हे म्हणून त्यांनी ते नाकारले, दोरी-मडके घेऊन स्वतः पाणी काढले, आणि ओंजळीने प्यायल्या. आपण विधवा, आपल्याला थोड्याशा शिध्यावर समाधान मानता आले असते, पण धर्मासाठी या कामात पडलो आणि त्यातही यश नाही, अशा अर्थाचे थोडे बोलून त्या घोड्यावर बसल्या आणि काल्पीकडे गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरपाशी त्या पडल्या.

काल महालात पाहिलेली राणी आज मडक्याने पाणी ओढते आहे. ज्याला दक्षिणा देणारे हात दिसले होते, त्यालाच हे दिसले.

पुढचा प्रवास हालांचा. काल्पीही पडली. चित्रकूट, ब्रह्मावर्त, प्रयाग, काशी अशी तीर्थे झाली, पण बंडाच्या धामधुमीत परक्या माणसाकडे सगळेच संशयाने पाहत. कधी चोरांनी अडवले, कधी सैन्याने. मिळाले ते पुन्हा गेले. शेवटी त्यांनी एक गोष्ट मात्र केली. गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली आणि कोकणची वाट धरली. आईवडिलांना गंगास्नान घडवायचे होते. ती दोघे काशीस जाऊ शकत नव्हती, म्हणून गंगा वरसईस न्यायची. कावड खांद्यावर घेऊन शेकडो कोस चालणे ही काय गोष्ट आहे, हे आपल्याला सांगायला नको. महाशिवरात्रीला आपली तरुण मुले कावड घेऊन गंगातलावापर्यंत चालतात. त्यांच्या खांद्याला विचारावे.

अडीच-तीन वर्षांनी विष्णुभट घरी पोचले. घरच्यांनी त्यांची आशा जवळजवळ सोडली होती. कर्ज फिटेल एवढा पैसा आणला नव्हता. आणले ते पाणी. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.

त्यानंतर वर्षानुवर्षे ते पूर्वीसारखे भिक्षुकी करीत राहिले. यजमानांच्या घरी कार्याला जावे, आणि जेवणे झाल्यावर मंडळींनी आग्रह केला की झाशीच्या गोष्टी सांगाव्या, असा क्रम. कल्याणचे वैद्य हे त्यांचे यजमान. त्या घरातले चिंतामण विनायक वैद्य पुढे महाभारताचे अभ्यासक व इतिहासकार म्हणून नावाजले. तरुणपणी त्यांनी विष्णुभटांना हे सगळे लिहून काढण्याचा आग्रह केला. १८८३ च्या सुमारास, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, विष्णुभटांनी मोडी लिपीत आपला प्रवास लिहिला. ग्रंथकार होण्याची त्यांना हौस नव्हती. बोलल्यासारखे लिहिले आहे, आणि म्हणूनच आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी ते ताजे वाटते. मराठीतल्या आरंभीच्या प्रवासवर्णनांत ते गणले जाते, आणि सत्तावन्नच्या उठावावर एका साध्या हिंदी माणसाने स्वतः पाहून लिहिलेले असे पुस्तक दुर्मिळच.

ते लगेच छापणे शक्य नव्हते. राज्य इंग्रजांचे. बंडवाल्यांच्या राणीचे कौतुक करणाऱ्या गरीब भिक्षुकाचे काय झाले असते कोण जाणे. विष्णुभट हयात असेपर्यंत हस्तलिखित वैद्यांकडे पडून राहिले. १९०७ साली, बंडाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, वैद्यांनी ते प्रसिद्ध केले, तेही भाषा सुधारून आणि सरकारच्या डोळ्यांवर येईल असा मजकूर गाळून वा बदलून. मूळ मोडी प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपली गेली, आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ स्वरूपातला ‘माझा प्रवास’ वाचकांच्या हाती दिला. अमृतलाल नागर या हिंदी लेखकाने त्याचे हिंदी रूपांतर केले. इंग्रजीतही तो आला आहे. आपल्यापैकी ज्यांना मराठी वाचायला अवघड जाते त्यांनी हिंदीतून वाचावा, पण मुलांना एखादे पान तरी मराठीतून वाचून दाखवावे.

पेण तालुक्याची मातीच चालणाऱ्यांची असावी. याच तालुक्यात, गागोदे गावी, १८९५ मध्ये विनोबा भाव्यांचा जन्म झाला. त्यांनी भूदानासाठी १९५१ पासून तेरा-चौदा वर्षे सबंध भारत पायी घातला. विनोबांच्या वाटेवर लोक चालले. विष्णुभटांच्या वाटेवर मात्र खुणा नाहीत, धर्मशाळांच्या याद्या नाहीत, गाढवे तर नाहीतच. महाराष्ट्रात कित्येक लाख माणसे दरवर्षी आषाढीला तुकोबा-ज्ञानोबांच्या पालख्यांबरोबर चालतात. संतकवींच्या पावलांवर चालण्याची रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. मग या भिक्षुकाच्या वाटेवर चार-दोन तरुणांनी का चालू नये?

आपल्याकडचे बरेच जण पंढरपूर, शिर्डी, काशी अशी यात्रा काढतात. पुढच्या वेळी मुंबईत उतरल्यावर एक दिवस पेणसाठी ठेवावा. तेथून वरसईस मोटार जाते, पण शेवटचे थोडे अंतर पायीच जावे. जाण्यापूर्वी मोका येथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आप्रवासींच्या नोंदवह्या पाहून आपल्या खापरपणज्याचे गाव व तालुका शोधून घ्यावा. गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे ते नाव इंग्रजीत लिहिलेले असते, म्हणून दोन-तीनदा मोठ्याने उच्चारून पाहावे लागते. कुलाबा किंवा रत्नागिरी असे शब्द सापडले, तर ते गाव वरसईहून फार लांब असणार नाही.